गाजराला बंदी, पिठाला मोकळं रान

कॉर्निश पेस्टीत गाजर घातलं, तर कायद्यानं ती कॉर्निश पेस्टी राहत नाही. मुरड कडेला न घालता डोक्यावर घातली, तरी नाही. टेमार नदी ओलांडून शेजारच्या डेव्हनमध्ये वळली, तरीही नाही. पण तिच्यात एक अष्टमांश मांस, पाव हिस्सा भाजी आणि उरलेलं सगळं पीठ असेल, तर मात्र ती शंभर नंबरी खरी. संरक्षित नावाचा शिक्का तिच्या पाकिटावर दिमाखात बसतो आणि ५ मार्चला, कॉर्नवॉलचे संरक्षक संत पिरान यांच्या दिवशी, कॉर्नवॉलभरच्या उत्सवात तिचाही मान असतो.

सण साजरा करायला हरकत नाही. प्रश्न एवढाच, की सण नेमका कशाचा? पदार्थाच्या आकाराचा, नावाचा, की पोटात काय आहे त्याचा?

ज्यांनी ती पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ब्रिटनच्या नैर्ऋत्य टोकावरच्या कॉर्नवॉलचा हा पदार्थ. ताटाएवढी पोळी, तिच्या अर्ध्या भागावर गोमांस, बटाटा, कांदा आणि स्वीड या चारच गोष्टी, वरून मीठ-मिरी. पोळी दुमडायची, कडेनं मुरड घालायची आणि भट्टीत भाजायची. आकार करंजीचाच, फक्त एका करंजीत एका माणसाचं जेवण. स्वीड म्हणजे शलगमाच्या जातीचा, पण आतून पिवळा आणि थोडा गोडसर कंद. गंमत अशी, की कॉर्नवॉलमध्ये त्यालाच सरळ शलगम म्हणतात, आणि अमेरिकेत त्याचं नाव रुटाबागा. त्यामुळे पेस्टीच्या पाककृतींवरची निम्मी भांडणं निव्वळ नावांची असतात.

हे अन्न खाणीतलं. कथील आणि तांब्याच्या खाणीत उतरलेला माणूस जेवायला वर येत नसे, म्हणून त्याचं जेवण त्याच्याबरोबर खाली जाई. जाड कवचामुळे ते खिशात दबत नसे आणि आतली ऊब काही तास टिके. पेस्टीच्या एका कोपऱ्यावर खाणाऱ्याच्या नावाचं आद्याक्षर पिठानंच उमटवायची पद्धत होती. दुसऱ्या टोकाकडून खायला सुरुवात करायची, म्हणजे अर्धी उरली तरी कुणाची ते कळतं. मुरड ही फक्त धरायची मूठ होती, हाताला लागलेल्या आर्सेनिकमुळे खाणकामगार ती फेकून देत, ही गोष्ट प्रत्येक माहितीफलकावर असते. कथलाच्या धातुकात आर्सेनिक असे हे खरं. पण जुन्या छायाचित्रांतले कामगार पेस्टी कागदात किंवा कापडी पिशवीत धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत खाताना दिसतात. अंगमेहनतीच्या माणसानं रोज जेवणाचा एक घसघशीत घास फेकून दिला असेल, हे मुळातच पटायला जड आहे. दंतकथा टिकली, कारण ती फलकावर चांगली दिसते.

आता वजनाकडे. कॉर्नवॉलमध्ये सर्वमान्य असलेलं घरगुती प्रमाण सहा पेस्ट्यांसाठी असं असतं: कडक पीठ, म्हणजे पावासाठी वापरतात तो जास्त ग्लुटेनचा मैदा, ५०० ग्रॅम, डुकराची चरबी किंवा वनस्पती तूप १२० ग्रॅम, मार्गरीन २५ ग्रॅम, मीठ ५ ग्रॅम, थंडगार पाणी १७५ ग्रॅम. सारणासाठी गोमांस ४५० ग्रॅम, बटाटा ४५० ग्रॅम, स्वीड २५० ग्रॅम, कांदा २०० ग्रॅम. बेरीज करून बघा. पीठ ८२५ ग्रॅम, सारण १३५० ग्रॅम, एकूण २१७५. म्हणजे मांस साधारण २१ टक्के, भाजी ४१ टक्के, पीठ ३८ टक्के. एका पेस्टीचं कच्चं वजन ३६० ग्रॅमच्या आसपास आणि तीत ७५ ग्रॅम मांस.

युरोपीय संघाच्या भौगोलिक संरक्षणाचा नियम पेस्टीला २०११ मध्ये मिळाला. पेस्टी बनवणाऱ्यांच्या संघटनेनं त्यासाठी नऊ वर्षं खटपट केली होती. त्या नियमातला मांसाचा किमान आकडा आहे १२.५ टक्के आणि भाजीचा २५ टक्के. पिठाला कमाल मर्यादा अशी नाहीच. मग किमान पाळून कुणी तेवढ्याच वजनाची पेस्टी केली तर काय होतं? मांस ४५ ग्रॅम, भाजी ९० ग्रॅम आणि पीठ सव्वादोनशे ग्रॅम. घरच्या पेस्टीत पीठ सव्वाशे-दीडशेच्या मध्ये कुठेतरी असतं. नाव तेच, आकार तोच, मुरड कडेलाच, आणि पीठ मात्र दीडपटीहून जास्त.

प्रत्येक दुकानदार असं करतो, असा आरोप नाही. कॉर्नवॉलमधले कितीतरी बेकर नियमाच्या कितीतरी वर मांस घालतात, आणि गिऱ्हाइकाला ते पहिल्या घासात कळतं. मुद्दा असा, की कायद्यानं ज्या गोष्टी घट्ट धरल्या त्या सगळ्या डोळ्यांना दिसणाऱ्या आहेत: इंग्रजी डी अक्षरासारखा आकार, मुरडीची जागा, वळण्याचं गाव, गाजर नसणं. न दिसणारी एकच गोष्ट, वजन, तिला ढिली दोरी दिली. त्यातही वळणं कॉर्नवॉलमध्येच व्हायला हवं, भाजणं बाहेर झालं तरी चालतं. गोमांस आणि बटाटा कॉर्नवॉलचेच असावेत असंही बंधन नाही. नियमाचा मसुदा पेस्टी बनवणाऱ्यांनीच दिलेला, आणि त्यांच्यात गल्लीतले बेकर आहेत तसे मोठे कारखानेही आहेत. सगळ्यांना एका छत्राखाली आणायचं, तर छत्राची उंची सगळ्यात बुटक्याला सोयीची ठेवावी लागते, हे समजण्यासारखं आहे. मात्र तसं असेल तर त्या आकड्याला परंपरा म्हणू नये. तो तह आहे.

यावर कुणी म्हणेल, पाचदहा टक्क्यांनी काय मोठा फरक पडतो? पेस्टी कशी शिजते ते पाहिलं की फरक कळतो, म्हणून जरा ओट्यापाशी थांबायला हवं.

पेस्टीचं सारण कच्चं भरायचं असतं, आणि नियमातही तसंच आहे. मांस आधी परतून भरलं की त्याचा रस कढईतच राहतो, आणि पेस्टी कापली तर आत कोरडा चुरा निघतो. कच्चं मांस, कच्चा कांदा आणि बटाटा बंद कवचात तासभर आपल्याच वाफेवर शिजतात. मांसाचा रस आणि चरबी खाली उतरते, कांदा पाणी सोडतो, बटाट्याचं स्टार्च त्याला दाटपणा देतं. वेगळं काहीही न घालता आतल्या आत ग्रेव्ही तयार होते. पेस्टीची सगळी किमया हीच. आता मांस ७५ ग्रॅमवरून ४५ वर आणा आणि भोवतीचं पीठ वाढवा. रस कमी झाला आणि तो शोषून घेणारं कवच वाढलं. ग्रेव्ही तयार होते न होते तोच पीठ ती पिऊन टाकतं. मग चव राखायला पांढऱ्या मिरीवर भर द्यावा लागतो. मिरपुडीचा ठसका लागणारी कोरडी पेस्टी हाती आली, की बहुतेकदा समजावं, कुणीतरी मिरीकडून मांसाचं काम करून घेतलंय.

मांसाचा भागही महत्त्वाचा. कॉर्नवॉलचे लोक स्कर्ट मागतात, म्हणजे छाती आणि पोट यांच्या मधल्या पडद्यालगतचं मांस. त्यात शिरा-पापुद्रे कमी, चरबीचे फाटे पुरेसे आणि रस भरपूर. शिवाय तासाभरात मऊ होतं. स्टू करायला म्हणून जे जाड, चिवट तुकडे विकतात ते इथे नापास. त्यांना तीन तास लागतात आणि पेस्टीला तेवढा वेळ नसतो. वेळ वाढवला तर कवच काळं पडतं. नियमाला खिमा मान्य आहे. जाणकारांना तो आवडत नाही, कारण खिम्याचा रस लवकर सुटून तळाशी जातो आणि पोळीचा तळ भिजून फाटतो. तुकडे हरभऱ्याहून मोठे आणि बोराहून लहान ठेवावेत.

बटाटा पिठूळ जातीचा घेतला तर आत लापशी होते, म्हणून घट्ट राहणारा घ्यावा. चौकोनी जाड फोडी न करता सुरीनं पातळ तिरप्या चकत्या उडवाव्यात. जाड फोड मधोमध कच्ची राहते आणि मांस शिजून गेलेलं असतं. मीठ आधी चोळून ठेवायचं नाही. मीठ लागलं की भाजी अर्ध्या तासात पाणी सोडते, ते पाणी पोळीत मुरतं, आणि भट्टीत तळ शिजतो पण भाजला जात नाही. पोळीवर थर लावतानाच वरून मीठ-मिरी भुरभुरावी.

पिठाची गोष्ट उलट आहे. नेहमीच्या पाय-टार्टसाठी पीठ हलक्या हातानं गोळा करतात, कारण ते खुसखुशीत हवं असतं. पेस्टीचं पीठ चांगलं मळावं लागतं, ताणलं तर लवचिक वाटेपर्यंत, आणि मग फ्रीजमध्ये तीन तास विसावा. विसावा चुकवला की दोन गोष्टी होतात. लाटलेली पोळी परत आक्रसते, आणि मुरड घालताना वळणाच्या टोकाला चिरते. चिरलेल्या जागेतून भट्टीत रस बाहेर येतो, तव्यावर करपतो आणि पेस्टी आतून कोरडी पडते. साधारण २० सेंटिमीटर व्यासाची पोळी, कडेला बोटभर जागा मोकळी, कडेवर पाण्याचा हलका हात. मग अंगठ्यानं दाबत, तर्जनीनं वळवत वीसेक मुरडी. करंजीवर हात बसलेल्या बाईला हे पाच मिनिटांत जमेल. फरक एकच. करंजीची मुरड नाजूक असते, इथे ती दोरखंडासारखी हवी, कारण आतल्या तासभराच्या वाफेचा दाब तिलाच पेलायचा असतो. वर सुरीनं एक बारीक चीर द्यावी, नाहीतर वाफ आपली वाट मुरडीतून काढते. पंख्याच्या ओव्हनमध्ये १६५ अंशांवर ५० ते ५५ मिनिटं. २०० वर ठेवून अर्ध्या तासात उरकायला गेलं की वरून सोनेरी, आत दाताला लागणारं स्वीड.

सराईत हात मिनिटाला तीन-चार पेस्ट्यांच्या मुरडी घालतो. डावखुऱ्याची मुरड उलट पडते. कॉर्नवॉलमध्ये अशा पेस्टीला कोंबडा म्हणतात आणि उजव्या हाताच्या पेस्टीला कोंबडी. नियमाला मात्र मुरड हातानं घातली काय आणि यंत्रानं घातली काय, सारखंच. ज्या मुरडीच्या जागेसाठी एवढा अट्टहास, ती घालणाऱ्या हाताबद्दल मात्र ओळही नाही.

महाराष्ट्रात २०१५ पासून गोवंशाचं मांस बंद आहे, त्यामुळे इथे कुणी हौसेनं करायची म्हटली तर ती मटणाची होणार. करावी खुशाल. बोनलेस मांडीचं मटण अगदी बारीक कापावं, ओव्हन दहा अंश कमी ठेवून पंधरा मिनिटं जास्त द्यावीत, आणि स्वीडऐवजी शलगम घेतलं तर निम्मंच घ्यावं. ते फार पाणी सोडतं. तिला कॉर्निश म्हणता येणार नाही, आणि म्हणायची गरजही नाही.

आता विरुद्ध बाजू, कारण ती हलकी नाही. गरिबाच्या पेस्टीत मांस होतंच किती, असा सवाल येतो. कॉर्नवॉलच्या बोलीत टिडी म्हणजे बटाटा आणि ऑगी म्हणजे पेस्टी. टिडी ऑगी हे नाव उगाच आलेलं नाही. हाताशी मांस नसेल त्या दिवशी पेस्टीत बटाटाच असे. मग १२.५ टक्के हा आकडा एका अर्थानं इतिहासाशी प्रामाणिकच नाही का? हा युक्तिवाद ऐकायला छान आहे. पण टिडी ऑगीत मांसाची जागा बटाटा घेत असे, पीठ नव्हे. आणि ती खाणाऱ्याला ठाऊक असे की आज मांस नाही. नावात ते होतं. आजच्या पाकिटावर गोमांसाची पेस्टी असं लिहून गोमांसाचे पैसे घ्यायचे आणि हिशेब विचारला की गरिबीचा दाखला द्यायचा, ही चलाखी झाली. बटाट्याची पेस्टी विकायची तर तशी सांगून, तशा भावात विकावी. कुणाचीच तक्रार असणार नाही.

दुसरा आक्षेप दराचा. मांस वाढवलं की किंमत वाढेल आणि पेस्टी कामगाराच्या आवाक्याबाहेर जाईल. दराची नस किती नाजूक आहे ते २०१२ मध्ये सगळ्या ब्रिटननं पाहिलं. अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बर्न यांनी मार्चच्या अर्थसंकल्पात गरम विकल्या जाणाऱ्या बेकरी पदार्थांवर २० टक्के व्हॅट लावायचं ठरवलं आणि कॉर्नवॉलपासून वेस्टमिन्स्टरपर्यंत रान पेटलं. भट्टीतून निघून काउंटरवर हळूहळू थंड होणारी पेस्टी गरम धरायची की कोमट, यावर संसदेत आणि वर्तमानपत्रांत खल झाला. मेअखेर सरकारनं माघार घेतली. आपोआप थंड होत असलेल्या पेस्टीला कर नाही असं ठरलं. तापमानावर देशानं दोन महिने वाद घातला. त्याच पेस्टीत मांस किती, यावर कुणी दोन दिवसही घालवले नाहीत.

म्हणून दिवस साजरा करण्याला अर्थ आहे, असं म्हणावंसं वाटतं. कायदा एकदा झाला की त्याला हात लावणं अवघड. सण दरवर्षी येतो, आणि त्याला प्रश्न विचारता येतो. पण सणांचा स्वभाव वेगळा असतो, हेही मिशिगनच्या उदाहरणावरून दिसतं.

तांब्याच्या मागे कॉर्निश खाणकामगार १८४० च्या दशकात मिशिगनच्या उत्तर द्वीपकल्पात पोचले. कॉर्नवॉलमध्ये १८६६ साली तांब्याचा भाव कोसळल्यावर तर गावंच्या गावं जहाजांवर चढली. जमिनीत जिथे खड्डा दिसेल तिथे तळाशी एक कॉर्निश माणूस सापडेलच, ही म्हण त्या काळची. मेक्सिकोत, ऑस्ट्रेलियात, आणि जॉन टेलर अँड सन्स कंपनीबरोबर आपल्या शेजारच्या कोलारच्या सोन्याच्या खाणींतही ते आले. मिशिगनमध्ये त्यांच्यामागून फिनलंडचे लोक आले. त्यांनी पेस्टी उचलली आणि इतकी आपली केली, की पुढच्या पिढ्यांना ती फिन्निश वाटू लागली. कॉर्नवॉलमध्ये निषिद्ध असलेलं गाजर तिथे सर्रास पडलं. वर केचप घ्यायचं की ग्रेव्ही, यावर दोन तट पडले. चर्चमधल्या बायका निधी जमवायला एका दिवसात शेकड्यांनी पेस्ट्या वळून विकू लागल्या. १९५७ मध्ये मॅकिनॉ पूल झाला, दक्षिणेकडून मोटारी आल्या आणि रस्त्याकडेला पेस्टीची दुकानं उभी राहिली.

२४ मे १९६८ हा दिवस गव्हर्नर जॉर्ज रॉम्नी यांनी मिशिगन पेस्टी दिन म्हणून जाहीर केला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कॅल्युमेट अँड हेक्ला या तिथल्या एका मोठ्या तांबे कंपनीच्या कामगारांनी संप पुकारला. त्या खाणी पुन्हा सुरू झाल्याच नाहीत. डबा सण झाला आणि डबा नेणारा तीन महिन्यांत घरी बसला. या दोन गोष्टींत कार्यकारणभाव शोधायची गरज नाही. पण क्रम बोलका आहे. कॉर्नवॉलमध्येही हाच क्रम दिसतो: कथलाची शेवटची चालू खाण, साउथ क्रॉफ्टी, १९९८ मध्ये बंद झाली, २००६ मध्ये खाणींचे पडके मनोरे जागतिक वारसा ठरले, २०११ मध्ये पेस्टीला कायदा मिळाला आणि २०१२ पासून ईडन प्रोजेक्टमध्ये जागतिक पेस्टी स्पर्धा सुरू झाली. काम गेलं की त्या कामाचं जेवण वारसा होतं. पोटभर जेवण म्हणून त्याची कसोटी घेणारा माणूसच उरला नाही, तर कसोटी डोळ्यांच्या हाती जाते. डोळ्यांना मुरड दिसते.

मेक्सिकोच्या इडाल्गो राज्यातलं रेआल देल मोन्ते याला थोडा अपवाद आहे. १८२५ च्या सुमारास कॉर्नवॉलहून वाफेची इंजिनं आणि माणसं तिथल्या चांदीच्या खाणींसाठी आली. अनेक जण वाटेत वेराक्रूझच्या किनाऱ्यावरच पिवळ्या तापानं गेले. जे पोचले त्यांच्या पेस्टीचा तिथे पास्ते झाला. आकारानं लहान, आत बटाटा-मांसच, पण सोबत हिरवी मिरची. शेजारच्या परातीत राजमा, मोले नावाचा मिरची-मसाल्यांचा दाट रस्सा, अननस यांचेही पास्ते. २००९ पासून तिथे पास्तेचा महोत्सव भरतो. कॉर्नवॉलच्या शुद्धतावाद्याला घाम फुटेल अशी ही यादी. पण एक गोष्ट लक्षात येते: पास्ते अजून भुकेलेल्या माणसाचं रस्त्यावरचं खाणं आहे, पर्यटकाचं स्मरणचिन्ह त्यानंतर. त्याला कायदा नाही, तरी तो कुणाला फसवत नाही. मिरचीचा म्हटला की मिरचीचा.

जागतिक पेस्टी स्पर्धेतही खरं तर शहाणपणा आहे. तिथे पारंपरिक कॉर्निश पेस्टीचा गट वेगळा आणि वाटेल ते भरायला खुला गट वेगळा. वादाचं गाजर खुल्या गटात गेलं की भांडण संपतं. हीच पद्धत आणखी एक पाऊल पुढे नेता येईल. पारंपरिक गटात परीक्षकांनी चव, रंग, मुरड यांना गुण द्यावेतच. त्याआधी प्रत्येक नमुन्यातली एक पेस्टी उभी कापून, पीठ वेगळं, मांस वेगळं, भाजी वेगळी करून तराजूवर ठेवावी आणि आकडे फळ्यावर लिहावेत. शिजल्यावर वजन बदलतं, ही अडचण खरी, पण सोडवता येण्यासारखी: भाजण्याआधीचं वजन स्पर्धकानं लिहून द्यायचं. ५ मार्चला दुकानांनीही एवढंच करावं. संरक्षित नावाच्या शिक्क्याशेजारी मांस किती ग्रॅम, पीठ किती ग्रॅम, हे दोन आकडे मोठ्या अक्षरात. घटकांच्या बारीक यादीत टक्केवारी असतेच, हे कबूल. पण काउंटरवरून गरम पेस्टी घेणारा माणूस ती यादी वाचत नाही, आणि टक्क्यांत भूक कुणालाच कळत नाही.

हे करणं अशक्य नाही, याचा दाखला आपल्याकडे आहे. हैदराबादी हलीमला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मांस आणि गहू यांचं प्रमाण १० ला ४ असं बांधून दिलं. तिथेही तांब्याचं भांडं आणि लाकडाचा जाळ हे दिसणारे नियम आहेतच, पण मुख्य मुद्द्यावर, म्हणजे मांस किती आणि भरताड किती, यावर नियम गप्प बसलेला नाही. रमजानच्या संध्याकाळी हैदराबादेत रांगेत उभा राहणारा माणूस नेमकं तेच पाहतो. वाटीत चमचा उभा घालून रेशा वर येतात की नुसती लापशी, हे बघायला त्याला कुठलं प्रमाणपत्र लागत नाही. शेजारच्या गोव्यात खाज्यापासून बेबिंकापर्यंत खाण्याच्या पदार्थांना मानांकनं मिळत चालली आहेत. उद्या कोकणातल्या, वऱ्हाडातल्या एखाद्या मटणाच्या पदार्थासाठी अर्ज झाला, तर मसुद्यात सगळ्यात आधी काय लिहायचं याचा धडा कॉर्नवॉलच्या त्या १२.५ मध्ये आहे. मसाल्याची यादी मागाहून करता येते.

आणि गाजराचं काय? गाजर कॉर्नवॉलमध्ये वर्ज्य राहू दे. गोडसरपणाला स्वीड पुरेसं आहे आणि गाजरानं रस्साही उगाच गोड होतो. पण गाजराची बंदी नियमात एका ओळीत बसते, आणि तेवढ्याच लांबीची एक ओळ पिठासाठी बसू शकते: संपूर्ण पेस्टीत पीठ ४५ टक्क्यांहून अधिक नसावं. घरगुती प्रमाण ३८ आहे. सात टक्क्यांची सवलत यंत्राला, साच्याला आणि घाईला. त्याहून जास्त पीठ घालायचं असेल तर त्यानं खुशाल दुसऱ्या नावानं विकावी.

तोवर ५ मार्चला पेस्टी घेणाऱ्यानं एक करावं. कोपऱ्यावरून न खाता मधोमध मोडावी. कोपऱ्यात सगळ्याच पेस्ट्यांत पीठ जास्त असतं, तिथे दोष देता येत नाही. मधे मोडल्यावर वाफ आली, रस बोटांवर उतरला आणि मांसाचे चार तुकडे नुसत्या नजरेनं मोजता आले, तर बेकरला सांगावं की उद्या पुन्हा येतो. नाहीतर शिक्का पाकिटावर कितीही ठसठशीत असो, पाकीट तिथेच काउंटरवर ठेवून वजन विचारावं.